साहेबांच्या जेवणाचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. पोलादाचा, वीतभर लांब, सुईसारख्या टोकांचा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात मी केसाएवढ्या स्प्रिंगा उचलल्या. "याच्यासारखं हत्यार नाही," असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे. एके दिवशी त्याने दुकान बंद केलं. मी डब्यात पडलो.

मग त्याच्या नातीने सरडा पाळला.

तळहाताएवढं पिल्लू. दिव्याखाली छाती फुगवून बसे, म्हणून नाव साहेब. साहेबांना जिवंत रातकिडे लागत. नात एकेक रातकिडा माझ्यात धरून काचेच्या पेटीत नेई. साहेब झेप घेत.

(रातकिड्यांबद्दल कुणी विचारत नाही. ते शेवटपर्यंत पाय झाडत.)

"आजोबा, बघा कसा मटकावला!"

"तुझ्यापेक्षा शहाणा आहे. ताटात टाकत नाही."

नात शिबिराला निघाली.

"एकेकच द्या हं. तो कात टाकतोय, खाणार नाही कदाचित. नाही खाल्ला तर लगेच बाहेर काढा."

"जा गं बाई! जन्म गेला घड्याळांत, मला एक किडा उचलता येणार नाही?"

आजोबांनी मला घेतलं. ठेवलं. पुन्हा घेतलं.

मग रातकिड्यांची डबीच पेटीत उपडी केली. "खा बाबा पोटभर."

साहेबांनी एकही खाल्ला नाही. रातकिडे मात्र उपाशी होते. आजोबा लांबूनच बघत आणि समाधानाने म्हणत, "भरपूर उरलंय अजून."

पुढचं थोडक्यात सांगतो. रातकिड्यांनी आधी साहेबांची बोटं कुरतडली. मग शेपटीचं टोक. मग पापण्या.

नात परतली तेव्हा साहेब दिव्याखालीच होते. छाती हलत नव्हती.

"एवढंच सांगितलं होतं ना! चिमटा होता की समोर! का नाही वापरला?"

आजोबांनी मला उचलून तिच्यासमोर धरलं. माझी टोकं एकमेकांवर आपटत राहिली. टकटक, टकटक. ती थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं.

"म्हणून दुकान बंद केलंत?"

त्यांनी मान हलवली.

"मग सांगायचं नाही का, आजोबा?"

"लाज वाटली गं."

ती रडली. तिने त्यांना जवळ घेतलं नाही. त्या दिवशी तरी नाही.

मित्रांनो, पाळलेल्या जिवाला घास दिलात, की त्याने तो खाल्ला का, हे थांबून बघा. आणि तो जीव कुणावर सोपवाल, तर सूचना देऊन निघून जाऊ नका. त्या माणसाशेजारी क्षणभर बसा. त्याला एकदा करू द्या. त्या घरात सगळ्यांची सगळ्यांवर माया होती. हात तेवढे कुणी पाहिले नव्हते.