कुसाबाई मेजाकडे जात नाही

मी एक जुना बाक आहे. नाशिक रोडच्या एका लहानशा चर्चमधला, डाव्या रांगेतला दुसरा. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, या माणसांना मी पुरता वैतागलो आहे.

मी सागाच्या फळ्यांचा. मंडळीतल्याच सहादू सुताराने रंधा मारून मला असे गुळगुळीत केले, की पहिल्या रविवारी जो तो माझ्यावरून हात फिरवत होता. ते दिवस छान होते. पुढे कुणी किल्लीने माझ्यावर नाव कोरले, कुणी गोळ्यांचे चिकट कागद फटीत कोंबले. उपदेश लांबला की माझ्या पाठीला टेकून कितीजण घोरले. तेही सोसले. पण कुसाबाईने जो वैताग दिला, त्याला तोड नाही.

कुसाबाई आणि लंकाबाई सख्ख्या जावा. दोघी माझ्यावरच बसायच्या. प्रभूच्या मेजावरचा पांढरा कपडा धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून आणणे हे वर्षानुवर्षे थोरलीचे, म्हणजे कुसाबाईचे काम. १९७९च्या ईस्टरला धाकटीने हौसेने नवा कपडा विणून आणला आणि उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनी तो थोरलीला न विचारताच मेजावर घातला. झाले! कुसाबाईने जावेशी बोलणे टाकले. एक माझ्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

मनात कुणाविषयी अढी असेल तर प्रभुभोजन घेऊ नये, आधी समेट करावा, असे आमच्याकडे शिकवतात. कुसाबाई मोठी नेमाची. सगळी मंडळी उठून मेजाकडे जायची, भाकर आणि द्राक्षारस घेऊन यायची, आणि ही माझ्यावर ठाण मांडून! कुणी विचारले की म्हणायची, "मनात अढी हाय ना माझ्या. मंग कशी जाऊ? नेम मोडायची नाय मी."

अहो बाई, तो नेम अढी सोडण्यासाठी आहे, सांभाळण्यासाठी नव्हे! मला तोंड असते तर भर उपासनेत ओरडलो असतो. हिच्याइतके मोठ्याने गाणारे दुसरे कुणी नव्हते. अंगात ताप असला तरी ही हजर. आणि घरी जाताना मन आले होते तसेच. भुकेल्या माणसाने दरवेळी पंगतीत बसावे आणि वाढलेले ताट परत पाठवावे, तसला प्रकार. वाईट एवढ्याचेच वाटायचे, की मेजाकडे जाणाऱ्यांकडे ती चोरून बघायची आणि पदराने डोळे टिपायची.

अशी काही वर्षे गेली आणि लंकाबाईच्या नवऱ्याची चांदवडला बदली झाली. जाण्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी मेजाकडे बोलावले, मंडळी उठली. लंकाबाई मात्र उठेना.

"जा की," कुसाबाई भिंतीकडे बघत पुटपुटली. इतक्या वर्षांतले पहिले शब्द!

"तुम्ही उठल्याबिगर नाय उठायची, बाई."

"लोकं बघत्यात."

"बघू द्या. तुम्हाला इचारलं नाय, चुकलंच माझं. पण उद्या मी चालले. तिथं कुणाशेजारी बसू?"

कुसाबाई उठली. सुटलो, असे मला वाटले. पण मेजाकडे न जाता लंकाबाईचा हात धरून ती थेट बाहेर गेली! माझ्याजवळच्या खिडकीतून आधी भांडण ऐकू आले, मग रडणे, मग चक्क हसणे. दोघी आत आल्या तेव्हा उपासना संपली होती. पाळकसाहेब आवरत होते.

"साहेब, आम्ही दोघी राहिलो," कुसाबाई म्हणाली.

साहेबांनी काही न विचारता प्याला पुन्हा भरला. दोघी जावा मेजापुढे गुडघे टेकून बसल्या. मी रिकामा पडलो होतो, आणि रिकामे पडणे इतके बरे मला कधीच वाटले नव्हते.

मित्रांनो, आता माझा एक पाय डगमगतो, पॉलिश उडाले आहे. खिळा ठोकलात, फडके मारलेत तर बरे होईल. पण माझ्यावर येऊन नुसते बसू नका. कुणाशी बोलणे टाकून आला असाल तर गीतपुस्तक खाली ठेवा आणि आधी त्याच्याकडे जाऊन या. मी काही कुठे पळून जात नाही.