माझ्या कपाळावरचा भंडारा

मित्रांनो, मी गोळ्या दाबणारं एक जुनं यंत्र आहे. चिकलठाण्यात कारखान्यांची धुराडी एकामागून एक उगवत होती, त्या दिवसांत मी इथं आलो. नूरमोहम्मद माझा चालक. त्याच्या हाताखाली मी मॉर्फिनच्या इवल्या पांढऱ्या गोळ्या घडवायचो. कॅन्सरनं तळमळणाऱ्या जिवाला त्या घटकाभर निवांत झोप देत.

गोळ्या डब्यांत भरायला लासूर स्टेशनहून बानाबाई येई. तिच्या धन्याला, बिरूला, जबड्याचा कॅन्सर. दवाखान्यातून त्याला माझ्याच गोळ्या मिळत. खंडेनवमीला तिनं माझ्या कपाळी भंडारा लावला आणि गुणगुणली,

लोखंडाच्या बापा, तुझ्या पोटात चांदनं
माझ्या धन्याच्या दुखाला घाल थोडं पांघरनं

पुढं मॉर्फिनसारख्या अफूच्या औषधांचा कायदा कडक झाला. कारखान्याचे मॅनेजर नानासाहेब म्हणाले, "याचा साचा बदला."

"साहेब, परवाना तर मिळतोय की," नूरमोहम्मद चाचरला.

"मिळतोय रे! पण दोन कुलपं, दहा रजिस्टरं, वर तपासणी. कोण मरमर करणार? टॉनिक बघ कसं पळतंय बाजारात."

माझ्या पोटात टॉनिकचा साचा बसला. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटू लागली.

बानाबाईनं त्या नव्या गोळ्या पदरात बांधल्या.

"भाभी, ये वो गोली नहीं. ही ताकदीची हाय."

"यंतर त्येच हाय ना, भाऊ? मंग गुण यील."

गुण आला नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदचा तो दिवस. रस्त्यावर रिक्षा नाही, बस नाही. बिरू तेव्हा शहरातल्या दवाखान्यात होता. दवाखान्यानं हात वर केले, "गोळ्या कुठून देऊ? कंपनीच बनवत नाही." बानाबाईनं बिरूला हातगाडीवर घातलं आणि ढकलत ढकलत थेट आमच्या फाटकाशी आणलं.

"नूरभाऊ, तुमच्या यंतराला सांगा की! एकच गोळी, लई नाय!"

बिरूचं ओरडणं भिंती फोडून आत आलं. नूरमोहम्मदनं मला थांबवलं.

"बंद का केलं?" नानासाहेब खेकसले. "चालू कर! त्या बाहेरच्या माणसाचा आवाज इथवर येतोय."

आणि मी चाललो, मित्रांनो. घडघड, घडघड. बानाबाईनं पांघरूण मागितलं होतं. मी ते तिच्या धन्याच्या ओरडण्यावर घातलं.

आज मी शेडमध्ये गंजत पडलोय. कपाळाच्या खाचेतला भंडारा अजून पिवळा आहे. दार करकरलं की थरकाप होतो, कुणी गोळी मागायला तर आलं नाही?

मित्रांनो, मला तेल नका घालू, रंगही नका देऊ. माझा जुना साचा तेवढा शोधा. आणि उद्या एखादा कारखाना तुमच्या हाती आलाच, तर आधी फाटकाबाहेर कान द्या. मगच यंत्राची कळ दाबा.