वहिनींनी दिलेला शुक्रवार

लीनावहिनींच्या प्रचाराने सगळ्यात आधी कुणाचं वाटोळं केलं असेल, तर ते वरणाचं. बहरीनच्या अमवाज बेटावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलला संगमरवर, तिथे आवाज घुमतो. बेडरूममध्ये नवरा, मयुरेश, सदान्कदा ऑफिसच्या कॉलवर. मग अध्यक्षपदाच्या उमेदवारबाईंनी आपले संदेश रेकॉर्ड करायला जागा शोधली ती स्वयंपाकघर! "गोदाबाई, शिट्टी नको हं," म्हणायचं आणि फोन तोंडाशी धरायचा. की गोदाबाई गॅस बंद करून, चिमणीचा पंखा थांबवून, श्वास आवरून उभ्या. संदेश संपेस्तोवर डाळ अर्धी कच्ची राहायची. पण बोलायचं कोणाला?

आता अध्यक्षपद म्हणजे काही देशाचं नव्हे, सागरकाठ मराठी मंडळाचं. पण बहरीनमधल्या मराठी माणसांना विचाराल, तर देशाचं त्यामानाने सोपं. मंडळात निवडणूक कधी झालीच नव्हती. चहा-बटाटेवड्यावर जुनेच अध्यक्ष पुन्हा व्हायचे, टाळ्या पडायच्या, खलास. यंदा पुण्याच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या लीनावहिनी उभ्या राहिल्या आणि रोज एक संदेश सगळ्यांच्या फोनवर जायला लागला. वर्गणी पगाराच्या मानाने घ्यायची. आजारी कामगाराला मंडळाने मदत द्यायची. गणपतीची आरती ड्रायव्हरनेही करायची आणि इंजिनिअरनेही.

हे सगळं आधी ऐकायच्या गोदाबाई. गुहागरच्या अलीकडच्या एका वाडीतून त्या इथे स्वयंपाकाला आल्या होत्या. मंडळाच्या सभासद नाहीत, त्यामुळे मत नाही. पण वहिनींचा आवाज असा काही मऊ, की गॅस बंद करून उभ्या असताना गोदाबाईंची तंद्री लागायची. खिडकीबाहेर ओहोटीचं पाणी चकाकायचं, त्यावरून ते शब्द तरंगत आल्यासारखे वाटायचे. एकदा वहिनी म्हणाल्या, "यापुढे हळदीकुंकवात सवाष्ण आणि विधवा हा भेद राहणार नाही." त्या दुपारी भाकरी थापताना गोदाबाईंचा हात दोनदा आपसूक कपाळाकडे गेला. पीठ लागलं कपाळाला. त्यांनी ते पुसलं नाही बराच वेळ.

पण त्यांच्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. त्यांची लेक विशाखा, एकुलती एक, गणपतीनंतर बहरीनला आली होती. बेटाच्या पार पश्चिमेला, बुदैयाला, एका घरी मुलं सांभाळायची. तिला शुक्रवारी सुट्टी. आणि गोदाबाईंना? वहिनींकडे शुक्रवार म्हणजे पाहुण्यांचा वार, तेव्हा सुट्टी मफी, म्हणजे नाहीच! थंडी सरत आली तरी मायलेकींनी एकमेकींना पाहिलं ते फोनच्या काचेतूनच. एवढंसं बेट, जेवण झाल्यावर शतपावली करत निघालं तरी टोक गाठावं, आणि आईला लेक भेटू नये! समुद्र ओलांडून पोर आली ती काय फोनवर हात हलवायला? रोज रात्री गोदाबाई ठरवायच्या, उद्या वहिनींना विचारायचंच. सकाळ झाली की जीभ टाळ्याला चिकटायची.

बुधवारी वहिनींनी सांगितलं, "शुक्रवारी दुपारी पंधरा-वीस माणसं आहेत. मसालेभात, अळूवडी, मठ्ठा." गोदाबाई "बरं" म्हणाल्या. गुरुवारी दुपारी रोजचा संदेश सुरू झाला. गोदाबाईंनी गॅस बंद केला.

"घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना शुक्रवारी पूर्ण सुट्टी मिळालीच पाहिजे," वहिनी म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला, हात हवेत गेला. "आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान असं मी करत नाही. माझ्या घरी मी हे आधीच सुरू केलंय. आमच्याकडे शुक्रवार गोदाबाईंचा!"

गोदाबाईंच्या हातातला झारा तिथेच राहिला.

वहिनींनी फोन खाली ठेवला, "झालं, लावा गॅस," म्हणाल्या आणि आत गेल्या. माणूस बोलण्याच्या भरात काय काय बोलून जातं, आणि आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. गोदाबाईंना मात्र शब्दन्‌ शब्द ऐकू आला होता. त्यांनी मनाशी जुळवलं: पाहुण्यांचा बेत बुधवारचा, हे आजचं. म्हणजे बेत बदलला असणार. मला सांगायचं राहून गेलं असेल, कामं का थोडी आहेत त्यांना! आता हा भोळेपणा म्हणायचा की बेरकेपणा, ते त्या गुहागरच्या देवीलाच ठाऊक. मला विचाराल तर दोन्ही थोडं थोडं. त्यांनी रात्रीच लेकीला कळवलं.

शुक्रवारी सकाळी घर झोपेत असताना गोदाबाईंनी अळूवड्यांचे उंडे वाफवून फ्रीजमध्ये ठेवले, तोंडली चिरून ठेवली, जांभळी साडी नेसली आणि दार ओढून घेतलं. खाली दाजी त्यांची व्हॅन घेऊन उभे होते. दाजी चिपळूणचे, हॉटेलांना भाजी पोचवतात, गाववाल्यांना पैसे न घेता सोडतात आणि त्या बदल्यात वाटभर बोलतात.

"ऐकलं हो गोदाताई! अख्ख्या बहरीनने ऐकलं. शुक्रवार तुमचा!" दाजींनी गाडी सुरू केली. "बाईसाहेब निवडून येणार बघा."

"इंशाल्ला," गोदाबाई म्हणाल्या.

धुकं पडलं होतं. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. दूरच्या जुफैरच्या उंच इमारतींचे फक्त वरचे मजले दिसत होते, खाली काहीच नाही. पुलावरून जाताना गोदाबाईंना वाटलं, आपण गाडीत नाहीच, होडीत आहोत, आणि पलीकडे आपलीच खाडी लागणार. दाजी बोलत होते, त्यांचं बोलणं लांबून वल्ह्यासारखं ऐकू येत होतं. मग रस्त्याकडेला खजुरांची शेतं लागली, ओल्या मातीचा वास आला, आणि बुदैया आलं.

विशाखा किनाऱ्यावर उभी होती. बारीक झाली होती. केस कापले होते कार्टीने! गोदाबाई गाडीतून उतरल्या ते रागवायचं ठरवूनच. पण लेक गळ्यात पडली आणि सगळं राहूनच गेलं. दोघी नुसत्या रडल्या. दाजी उगाच चाकातली हवा बघत राहिले.

"आये, तू खरंच आलीस गो."

"अगो, वहिनींनी स्वतः सांगितलं. शुक्रवार माझा."

मग दोघी पाण्याकाठी दगडावर बसल्या. धुकं हळूहळू विरत होतं. आईने डब्यातली घावनं काढली, लेकीने चहा आणला. विशाखाचं डोकं मांडीवर घेऊन गोदाबाई तिच्या आखूड केसांतून बोटं फिरवत होत्या. असं सुख किती दिवसांनी! त्यांचे डोळे मिटायला लागले.

आणि फोन वाजला. लीनावहिनी.

विशाखा उठून बसली. तिचा चेहरा पडला. "बोलावतायत ना?"

गोदाबाईंनी फोन कानाला लावला.

"गोदाबाई! अहो कुठे आहात? अकरा वाजले, एकला माणसं येतील, घरात काही नाही!"

"बुदैयाला आहे वहिनी. लेकीकडे." गोदाबाई सरळ म्हणाल्या. "तुम्ही काल म्हणालात ना, शुक्रवार माझा. मला वाटलं, बेत बदलला."

गोदाबाई एका हाताने साडी झटकत अर्ध्या उठल्यासुद्धा. यायला सांगितलं, तर जावं लागणार. व्हिसा त्यांच्याकडचा, मीठ त्यांचं. पायात चप्पल सरकवत त्यांनी दाजींना खूण केली. विशाखा रिकामा डबा मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसली होती. तिने आईकडे वळून पाहिलं नाही. गोदाबाईंना वाटलं, हिने एकदा तरी "जाऊ नको" म्हणावं. पण ती म्हणाली नाही, शहाणी पोर. तेच सोसवेना.

"लेक कधी आलीय इथे?" वहिनींचा आवाज आला. एकदम लहान, संदेशातला नव्हे.

"गणपतीनंतर."

"आणि तुम्ही भेटलाच नाहीत?"

"शुक्रवारी पाहुणे असतात ना, वहिनी."

पलीकडे डब्यांची खडखड झाली. मग एक मोठा उसासा.

"गोदाबाई," वहिनी म्हणाल्या, "मसालेभाताला पाणी किती घालू?"

गोदाबाई मटकन खाली बसल्या. "तांदळाच्या दुप्पट. उकळतं घाला हं, गार घातलंत तर गोळा होईल. तोंडली चिरलेली आहेत. शिट्ट्या दोनच."

"दोनच," वहिनी म्हणाल्या. "उठू नका. संध्याकाळपर्यंत येऊ नका. समजलं?"

विशाखाने डबा बाजूला ठेवला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. पाण्यावर आता ऊन पडलं होतं. मधे बराच वेळ गेला, किती ते दोघींनाही सांगता आलं नसतं. मग व्हॅनमधून दाजी ओरडले, "गोदाताई, बाईंचा संदेश आलाय! आज एवढ्या लवकर?" आणि त्यांनी फोनचा आवाज मोठा केला.

"मी लीना बोलतेय. काल मी तुम्हाला एक गोष्ट खोटी सांगितली. आमच्याकडे शुक्रवार गोदाबाईंचा नव्हता. मी तो कधी दिलाच नव्हता. आजपासून दिलाय. मतं कमी पडली तर पडू देत. दुपारी जे जेवायला येणार आहेत, त्यांनी..."

मागे कुकरची शिट्टी झाली. वहिनी थांबल्या नाहीत. "...त्यांनी भात कसाही झाला तरी..."

दुसरी शिट्टी.

गोदाबाई ताडकन उठून व्हॅनकडे धावल्या आणि दाजींच्या हातातल्या फोनवर ओरडल्या, "अहो वहिनी, बोलणं राहू दे! गॅस बंद करा, लागेल भात!"

"आये, ते रेकॉर्डिंग आहे गो," विशाखा हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गोदाबाईंनी फोन कानाशी धरला आणि गॅस बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत ऐकत राहिल्या.