दुसऱ्या गिअरचं चाक

वाल्मीक तायडेने स्टेशन वॅगन विकायचं ठरवलं ते ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. गाडी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्याच्या वडिलांनी, सुपडूआबांनी, ती सत्तर साली सरकारी लिलावात घेतली होती. तेव्हा आबा भुसावळला रेल्वेत फिटर होते. पुढे वाल्मीकने तिच्यावरच संसार चालवला. यावलहून किनगाव, अडावद, पाल अशा फेऱ्या, लग्नसराईत वऱ्हाडं, अडल्या बाईला दवाखान्यात नेणं. पण आता ती पेट्रोल पीत होती आणि पुढच्या पासिंगला टिकेल अशी आशा नव्हती.

“आबांना काय सांगायचं?” बायको रुक्माबाईने विचारलं.

काचबिंदूने आबांची नजर जाऊन पाच वर्षं झाली होती. वाल्मीक त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि शब्द जुळवू लागला.

“विकायला नेतोय ना? मी पण येतो,” आबाच म्हणाले.

धुळ्याला पारोळा रोडवर जब्बारभाईंचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या, असा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. आवारात विकायच्या तीन डिझेल जीपगाड्या उभ्या होत्या. आबांना निंबाखाली बाजेवर बसवून वाल्मीकने बोलणं सुरू केलं.

“बावीस हजार,” तो म्हणाला. “ती घ्या आणि वरचे पैसे घेऊन यातली एक जीप द्या.”

जब्बारभाईंनी वॅगनभोवती एक चक्कर मारली. दाराचा गंज नखाने खरवडला.

“भाऊ, हिचा पत्राच उरला. नऊ देतो.”

“नऊ? इंजिन बघा तरी!”

जब्बारभाई गाडीत बसले आणि रस्त्यावर एक फेरी मारून आले. उतरले तेव्हा कपाळाला आठी होती.

“दुसऱ्या गिअरला काहीतरी भानगड आहे. पहिल्यात गाडी ओरडते, तिसऱ्यात ओरडते. दुसऱ्यात नुसती गुणगुणते. तीस वर्षांच्या गाडीचा असा आवाज येत नाही. उघडून बघतो. दोष निघाला तर नऊचे सात होतील, आधीच सांगून ठेवतो.”

आबांनी मान नुसती थोडी वर केली.

जब्बारभाईंचा मेकॅनिक अमीन याने गिअरबॉक्सचं झाकण काढलं. जब्बारभाई वाकले, चिंधीने तेल पुसलं आणि बॅटरीचा झोत आत टाकला. अमीनकडून त्यांनी मापाचा कॅलिपर मागून घेतला. एक दात मोजला. चाक फिरवलं, दुसरा मोजला. तिसरा. असे सगळे दात मोजून झाले आणि ते तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले.

“अमीन, हाई काय शे?”

अमीनने आत बघितलं. “चाक शे.”

“कंपनीचं नाही. मशीनवर कापलेलंही नाही. दाताच्या कडेला बघ, कानशीच्या रेघा आहेत. कोणीतरी हाताने घासलंय.” त्यांचा आवाज खाली आला. “आणि दात सरळ नाहीत रे, तिरके आहेत. पिळाचे. मी मोजले, एकात केसाचाही फरक नाही.”

ते वाल्मीककडे वळले. “कोणी केलं हे?”

वाल्मीकला ठाऊक नव्हतं. पण तो बारा वर्षांचा असताना गाडी सहा-सात महिने दारात नुसती उभी होती, हे त्याला आठवलं. लोक हसायचे. आबा ड्युटीवरून आले की ओट्यावर लोखंडाचा तुकडा घासत बसायचे. मग एक दिवस गाडी चालू झाली. मुंबईहून पार्ट आला असेल, असंच त्याला आजवर वाटत होतं.

“आबा?” त्याने हाक मारली.

“चाक मिळत नव्हतं,” आबा बाजेवरूनच म्हणाले. “म्हणून केलं.”

जब्बारभाई उठून त्यांच्यासमोर उभे राहिले. “लोखंड कुठलं?”

“ट्रकचा तुटका अ‍ॅक्सल. भंगारातून घेतला.”

“पण तिरका दात? हाताने?”

“जुन्या चाकाचे बरेच दात शाबूत होते. त्यांच्यावरून पत्र्याचा साचा केला. घासायचं, साचा लावायचा, उजेडाला धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं.”

“आणि कडकपणा? कच्चं लोखंड आठ दिवसांत झिजलं असतं.”

“हाडाचा कोळसा कुटून डब्यात भरला. त्यात चाक. वरून माती लिंपून हिलाल लोहाराच्या भट्टीत ठेवलं दिवसभर. मग तेलात सोडलं.” आबा थांबले. “पहिलं चिरलं. दुसरंही चिरलं. हे तिसरं.”

“म्हणजे प्रत्येक वेळी सगळे दात पहिल्यापासून?”

“मग काय करणार?”

जब्बारभाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. अमीन पुन्हा जाऊन गिअरबॉक्समध्ये बघू लागला. शेजारच्या गॅरेजातले दोघे आले, त्यांनी वाकून बघितलं आणि हलक्या आवाजात बोलू लागले. वाल्मीक आपल्या बापाकडे बघत होता. इतकी वर्षं त्या चाकावर त्याने वऱ्हाडं वाहिली होती, पालचा चढ चढला होता, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

“वीस हजार,” जब्बारभाई म्हणाले.

वाल्मीक हो म्हणणार, तोच आबांनी हात वर केला.

“चाकाला बघून भाव करू नका. मागच्या डाव्या बाजूला चासी तडकलीय. मी वेल्डिंग केलं होतं, ते आता धरत नाही. बसलं की मला कळतं. सोळा द्या.”

“आबा!” वाल्मीक म्हणाला.

“सोळा नाही, एकोणीस,” जब्बारभाई म्हणाले.

“रेडिएटरही पाझरतो. साडेसोळा.”

“अठरा. माझं ऐका.”

“सतरा. त्याच्यावर एक पैसा नको.”

घेणारा भाव चढवतोय आणि विकणारा उतरवतोय, असा सौदा त्या आवारात कोणी पाहिला नव्हता. शेजारचे दोघे तोंडाला हात लावून उभे होते. शेवटी जब्बारभाईंनी आबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“सतरा. पण ही गाडी मी तोडणार नाही. चासी नवी टाकून स्वतः वापरेन. माझ्याकडे शिकायला येतो त्याला आधी हे चाक दाखवेन.”

“वापरा. ते चालायसाठीच आहे,” आबा म्हणाले.

मग जीप निवडायची वेळ आली. जब्बारभाईंनी तिन्ही गाड्या चालू केल्या. आबा काठी टेकत एकेका बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. रंगाने सर्वांत चांगली होती ती त्यांनी सोडली आणि कडेच्या मळकट गाडीपाशी थांबले.

“ही.”

“बरोबर,” जब्बारभाई म्हणाले. “मीसुद्धा हीच घेतली असती. सांगणार नव्हतो.”

जीप घेऊन दोघे यावलकडे निघाले. पारोळा मागे पडलं. एरंडोलच्या अलीकडे वाल्मीकने विचारलं, “आबा, कधी सांगितलं का नाही?”

आबांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

“तुझी गाडी बंद पडली असती तर सांगितलं असतं,” ते म्हणाले. “आता तिसरा टाक. केव्हाची मागतेय.”

वाल्मीकने गिअर टाकला. गाडीचा आवाज एकदम मोकळा झाला.