पहिलं वाक्य

दर्शना वैती शीव कोळीवाड्याच्या. एकोणीस वर्षं त्या गाडी शिकवत होत्या; पण सौमित्रसारखा विद्यार्थी त्यांना पहिल्यांदाच मिळाला. त्याला गाडी उत्तम येत होती. येत नव्हतं ते गप्प बसणं. गेल्या महिन्यात लालबागला त्याने एका बाइकवाल्याची कॉलर धरली, आणि मागच्या सीटवरची त्याची तीन वर्षांची लेक घरी जाईपर्यंत रडत होती. त्याच्या बायकोने, प्रितीने, स्वतः दर्शनाताईंना फोन केला. "तुम्ही हो म्हणेपर्यंत आम्ही दोघी त्याच्या गाडीत बसणार नाही."

शिकवणीच्या पाचव्या दिवशी सकाळी परळच्या पुलाखाली एक टॅक्सी डावीकडून घुसली आणि आरशाला घासून पुढे गेली. आरसा मिटला. सौमित्रने शिवी हासडली आणि ॲक्सिलरेटर दाबला. शिकवण्याच्या गाडीत दर्शनाताईंच्या पायाशीही ब्रेक होता. त्यांनी तो दाबून धरला.

"पाय काढा, मॅडम! पळतोय तो!"

"पळून कुठे जाणार? पुढे सिग्नल लाल आहे."

खरंच, टॅक्सी सिग्नलला उभी होती. ताईंनी ब्रेक सोडला, आणि सौमित्रने गाडी तिच्या शेजारी नेली. टॅक्सीवाला आणि तो यांच्या मधोमध आता फक्त दर्शनाताई होत्या.

"मी काच खाली करते," त्या म्हणाल्या. "बोल त्याच्याशी. पण पहिलं वाक्य प्रश्न पाहिजे."

काच खाली गेली. सौमित्र ओरडला, "डोळे फुटले काय तुझे?"

"हा प्रश्न नाही, ही शिवी झाली. दुसरा विचार."

टॅक्सीवाला साठीचा होता. त्याने दार अर्धं उघडलं होतं. सौमित्रच्या कानशिलाची शीर उडत होती. ताई नुसत्या बघत राहिल्या, जणू दिवसभर थांबायची त्यांची तयारी होती.

"काका," शेवटी तो कसाबसा म्हणाला, "एवढी घाई कसली आहे?"

टॅक्सीवाला दार धरून तसाच थांबला. "घाई? कसली नाय, बाबा. डोकंच गरम आहे. सकाळपासून तिघांनी आयमाय काढली, म्हटलं तू चौथा." त्याने दार ओढून घेतलं. "आरसा फुटला काय?"

"नाही. मिटलाय फक्त."

ताईंनी हात बाहेर काढून आरसा सरळ केला.

"चुकलं माझं," टॅक्सीवाला म्हणाला. तेवढ्यात हिरवा दिवा लागला, आणि तो निघून गेला.

सौमित्रने गाडी सिग्नलच्या पुढे काढली. "मॅडम, पाच मिनिटं बाजूला घेऊ?"

"नको. चालवत राहा. सावकाश. असंच शांत व्हायला शिकायचं."

हिंदमाता येईपर्यंत त्याचा श्वास जागेवर आला होता. दादरला एक बस मध्ये घुसली, तेव्हा त्याने ओठ घट्ट मिटले आणि तिला जाऊ दिलं. ताईंनी फक्त पुढचं वळण दाखवलं. शाबासकी देण्याइतकं काम अजून झालं नव्हतं. अजून नऊ दिवस त्यांनी त्याला गर्दीच्याच वेळी, गर्दीच्याच रस्त्यांवर फिरवलं. त्यात तो दोनदा चिडला, आणि दोन्ही वेळा स्वतःच सावरला. मग त्यांनी प्रितीला फोन लावला.

"बसा आता गाडीत."

"राग गेला त्याचा?"

"राग कुठे जातो? माझा तरी कुठे गेलाय! पण आता त्याला आवरता येतो."

रविवारी तिघं शिवाजी पार्कला गेली. जाताना प्रिती दाराच्या वरचं हँडल घट्ट धरून बसली होती. येताना मात्र लेकीला मांडीवर घेऊन ती मागे गाढ झोपून गेली.