हात मांडीखाली

घरातली थोरली सून सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत जायला लागली, तीही लहान मुलांच्या वर्गात, शिकाऊ मदतनीस म्हणून. चार दिवस वर्गबाईंच्या हाताखाली राबायचं, पाचव्या दिवशी स्वतः बाकावर बसून धडे घ्यायचे, आणि दीड वर्षानं परीक्षक येऊन बघणार की हिला काही जमतंय का. वर्गबाई तिच्या लेकीच्या वयाच्या. पण तहान लागल्यावर विहिरीचं वय कोण विचारतं?

काम तिला नवीन नव्हतं. नाकं पुसणं, बुटांच्या नाड्या बांधणं, रडणाऱ्याला गप्प करणं, जन्मभर दुसरं केलं काय होतं? स्वतःची तीन वाढवली, धाकट्या जावेची दोन वाढवली, आणि नवऱ्याला अजून वाढवतेच आहे. समोर ठेवलेला चष्मा त्याला सापडत नसे. चष्मा नसल्यामुळे सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. मग थोरली उठून हातात देई. त्या घरात बाकीच्यांना हात होते की नाही देव जाणे, वापरायची वेळ कधी कुणावर आलीच नाही.

तिथंच घात झाला. परीक्षेला तिनं चार मुलांना कागदाचे मासे कापायला बसवलं. परीक्षकबाई कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या. एका पोराची कात्री अडली. थोरलीनं ती काढून घेतली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मासा कापून दिला, शेपटीला झालरसुद्धा. वर परीक्षकबाईंकडे बघून हसली, शाबासकीला पदर पसरल्यासारखी. त्यांनी अहवालात लिहिलं: मासा उत्तम, मुलाला काही शिकता आलं नाही.

नापास. दुसरी संधी सहा आठवड्यांनी, आणि ती शेवटची.

घरी कुणी रागावलं नाही, तेच फार लागलं. नवरा म्हणाला, जाऊ दे, घरी राहा, आमचीही आबाळ थांबेल. जावेनं विचारलं की कात्री चालवायला दीड वर्ष लागतं का हो, जाऊबाई. थोरलीनं तिला एवढंच सुनावलं की तुला तर चमचा धुवायला पंधरा वर्षं झाली, तरी अजून जमलं नाही. पण मनातलं कुणाला सांगितलं नाही. तिच्या नावाचा कागद घरात एकच होता, लग्नाचा, आणि त्यावरही ती नवऱ्याच्या नावाखाली. एक कागद तिला सुटा हवा होता.

वर्गबाईंनी तिला बाजूला घेतलं. "काकू, तुमचे हात तुमच्या आधी पोचतात," त्या म्हणाल्या. "त्यांना बसवायला शिका."

ऐकून थोरलीला राग आला. ज्या हातांवर घर उभं, त्यांनाच नावं ठेवायची? तरी ती शिकली. रोज एखादं पोर बटणाशी झटायचं आणि ही शेजारी उभी राहायची, मुठी आवळून. राबून माणूस दमतं हे तिला ठाऊक होतं. न राबता त्याच्या दुप्पट दमतं, हे आता कळलं. संध्याकाळी घरी पोचायची तेव्हा पाय दगडाचे झालेले असत, आणि घरात सगळं होतं तिथंच पडलेलं.

परीक्षेच्या दिवशी पहाटे उठून तिनं आठ माणसांचं रांधलं आणि वर्गात आली ती आधीच अर्धी होऊन. पुन्हा तेच मासे, तीच कात्री. तिघांनी भराभर कापले. चौथी एक पोरगी, जिला सगळा वर्ग गोगलगाय म्हणायचा, ती कागद धरूनच बसली.

"काकू, तू काप."

"मी नाही कापणार. मी इथं बसलेय."

"बसून काय करतेस?"

"तुला बघतेय."

गोगलगायीनं जरा विचार केला आणि कात्री उचलली. थोरलीनं हात मांडीखाली घातले आणि वर सगळं अंग टाकलं. कात्री कागद चावत होती, कापत नव्हती. थोरली म्हणाली, कात्री नको वळवू, कागद वळव. बस्स, तेवढंच. पोरीनं कागद वळवला, अंगठाभर कापला, आणि शेपटी तुकडा होऊन खाली पडली.

पोरीचे डोळे भरले. थोरलीचे हात मांडीखाली फडफडले, पकडलेल्या कोंबडीसारखे. चिकटपट्टी अगदी समोर होती. एक क्षण, आणि शेपटी जागेवर बसली असती.

"आता काय करूया याचं?" तिनं विचारलं.

पोरीनं नाक ओढलं. बराच वेळ मासा उलटा-सुलटा केला. "याला शेपटी नाहीच," ती म्हणाली, आणि पुढे कापायला लागली.

परीक्षेची चाळीस मिनिटं संपली. परीक्षकबाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, चला, आपण बोलून घेऊ, मला पुढच्या शाळेत जायचंय. थोरली उठली नाही.

"तिचं व्हायचंय अजून," ती म्हणाली. "तुम्ही जाणार असाल तर जा. नापास लिहा हवं तर."

परीक्षकबाई पुन्हा बसल्या. पोरीला आणखी नऊ मिनिटं लागली. मासा बटाट्यासारखा दिसत होता. ती तो कुणालाही न दाखवता खिशात घालून खेळायला पळाली.

मग परीक्षकबाईंनी विचारलं की एवढा वेळ तुम्ही नेमकं काय केलंत.

"काही नाही," थोरली म्हणाली. "फार दमले."

परीक्षकबाईंनी मान हलवली, खाली बघून दोन ओळी लिहिल्या आणि कागद तिच्याकडे सरकवला. उत्तीर्ण. खाली सही करा म्हणाल्या. थोरलीनं हात बाहेर काढले. बोटं पांढरी पडली होती, मुंग्या आलेल्या, पेन काही धरवेना.

"घाई नाही," परीक्षकबाई म्हणाल्या. "बसा जरा."

खुर्ची पोरांची, पाठ निम्मीच टेकत होती. तरी थोरली टेकून बसली.