माझ्या बेअरिंगांना कोणी विचारलंच नाही

“पोरी, कारखान्यानं तुला एकदा बनवलंय. आता घरी गेलीस की माणसं तुला पुन्हा बनवायला बसतील. त्या दुसऱ्या बनवण्यापासून जप.”

शोरूमच्या मागच्या अंगणात उभ्या असलेल्या एका खडखड्या जीपनं मला हे सांगितलं होतं. मी तेव्हा कोरी करकरीत होते, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मला वाटलं, म्हातारीला माझ्या रंगाचा हेवा वाटतोय. मी तिकडे लक्षच दिलं नाही. आणि दिलं असतं तरी काय करणार होते? गाडीनं जपायचं म्हणजे काय करायचं, ते त्या जीपनं सांगितलं नाही.

मित्रांनो, मी नाशिकची एक जुनी टर्बो गाडी आहे. खरं म्हणजे गाडी म्हणावं असं माझं फारसं काही उरलेलं नाही. दारं गेली, चाकं गेली, सीटही गेल्या. तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी घोडीवर बसवलेलं एक इंजिन, तेवढीच काय ती मी. तरी मी स्वतःला गाडीच म्हणते. दात पडले म्हणून माणसाचं नाव बदलतं का? माझी गोष्ट मी शांतपणे सांगायचं ठरवलं आहे. पण मध्येच आवाज चढला तर समजून घ्या. कारण माझं मोडणं एक वेळ मी विसरेन, माझ्या मोडण्याचं खापर ज्याच्या माथी फोडलं गेलं, त्याला विसरणार नाही.

टर्बो म्हणजे काय, ते आधी सांगते. इंजिनातून बाहेर पडणारा धूर फुकट जातो. माझ्यात त्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरायचा आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायचा. जास्त हवा, म्हणून जास्त ताकद. आत खालीवर होणारे पिस्टन, त्यांना धरणारे दांडे, सगळं मूळ कारखान्याचं. किती हवा द्यायची, किती डिझेल द्यायचं आणि पिस्टननं किती आच सोसायची, हे ज्यांनी मला आखलं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मी त्या मापात सुखी होते.

दोन हजार चार साली मनोजशेठ मला घेऊन गेले. सातपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, लेथवर सुटे भाग कातून द्यायचं. त्यांच्या पत्नी मोहिनीताईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. लेक अपूर्वा तेव्हा बालवाडीत होती. तिला शाळेत सोडायला आणि शेठचा माल पोचवायला वाल्मीक नावाचा ड्रायव्हर ठेवला होता. तो मूळचा घोटीकडचा. आधी भाताच्या पोत्यांचा टेम्पो चालवायचा.

वाल्मीक रोज सकाळी बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढायचा, फडक्यानं पुसायचा, पुन्हा घालायचा आणि उन्हाकडे धरून बघायचा. लांबून आलो की इंजिन लगेच बंद करायचा नाही. टर्बोचा पंखा तापलेला असतो, त्याला तेल मिळत मिळत गार व्हावं लागतं.

“वाल्मीककाका, उतरू?” अपूर्वा विचारायची.

“थांब बाय. आपली गाडी धापा टाकते ना, तिला जरा दम घेऊ दे. तवर दोघी बरोबरच थांबा.”

मग अपूर्वा मागच्या सीटवर बसून माझ्या वतीनं मोठमोठ्यानं श्वास घ्यायची. वर बाल्कनीत मोहिनीताई उभ्या असायच्या. गाडी निघताना वळणाआड जाईपर्यंत आणि येताना लेक जिना चढेपर्यंत त्यांची नजर आमच्यावरून हलत नसे. पोटात लेकरू घेऊन रस्त्यावरून जायचं म्हणजे काय, ते मलाही कळत होतं. खड्डा आला की माझा जीव मागच्या सीटवर जायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेठच्या साडूनं नवी गाडी घेतली.

एका लग्नाहून परतताना तो घाटात आम्हाला मागे टाकून गेला. वर पोचल्यावर चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, “काय साडूभाऊ, गाडीला टर्बो आहे की नुसतं नावच लिहिलंय?” शेठ हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आता सातपूरची एक खोड सांगते. तिथं कुठलीही गोष्ट विकत आणणं कमीपणाचं मानतात. बिजागरी असो, बुश असो, “आपल्या लेथवर होतं की!” ही कला मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक गोष्ट लेथवर होते म्हणून ती करावीच, असं कुठं आहे? टर्बोचा दाब वाढू नये म्हणून एक नळी पहारा देत असते. शेठनी पितळेचा एक इवलासा तुकडा कातला, सुंदर, अगदी कानातल्या बुगडीसारखा, आणि त्या नळीत बसवला. पहारेकरी आंधळा झाला. मग डिझेलच्या पंपाचा स्क्रू पिळला. हवा जास्त, डिझेल जास्त, आणि आत पिस्टन तेच, कारखान्याचे.

वाल्मीकनं विचारलं होतं, “शेठ, आतलं काय बदललं?”

“आतलं कशाला बदलायचं? कंपनीचंच आहे, दणकट असतं.”

वर्कशॉपमधली माणसं टाळ्या पिटत म्हणाली, “शेठ, विमान केलं राव तुम्ही!”

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी खरंच विमानासारखी पळाले. पण आतून होरपळत होते. दुसऱ्याच आठवड्यात वाल्मीक म्हणाला, “शेठ, धूर लय काळा पडतोय.”

“तो धूर नाही वाल्मीक, तो जोर आहे जोर!” आणि पुन्हा सगळे हसले. जोर म्हणे! जेवण करपल्यावर स्वयंपाकघरात धूर झाला तर त्याला कोणी चव म्हणतं का?

एका रविवारी शेठ मला एकटेच घेऊन निघाले. वाल्मीकची सुट्टी होती. परतीला कसारा घाट चढताना साडूची गाडी पुढे दिसली. शेठनी पाय दाबला तो उचललाच नाही. मला आतून भट्टी झाल्यासारखं वाटलं. शेवटच्या वळणावर आम्ही साडूला मागे टाकलं आणि त्याच क्षणी माझ्या तिसऱ्या पिस्टनची कड तडकली. आवाज बारीकच होता. शेठच्या आरोळीत तो बुडून गेला. वर पोचल्यावर त्यांनी धापा टाकणाऱ्या मला जागच्या जागी बंद केलं आणि पेढे वाटायला गेले.

सोमवारी सकाळी वाल्मीकनं पट्टी ओढली आणि तो चमकला. “शेठ, काल गाडी कुठं गेलती? तेल लय खाली गेलंय.”

“अरे, ओत आणि नीघ. शाळेला उशीर होतोय.”

त्यानं तेल ओतलं. आम्ही निघालो. पण तडकलेल्या पिस्टनच्या फटीतून जळता वायू खाली तेलात घुसत होता आणि तेलाला बाहेर ढकलत होता. त्र्यंबक रोडवर माझ्या मागून निळ्या धुराचा लोट उठला. वाल्मीकनं त्याच क्षणी मला बाजूला घेतलं, इंजिन बंद केलं, अपूर्वाला उतरवून खांद्यावर बसवलं आणि तिला चालत शाळेत सोडून आला. तो थांबला नसता तर माझं उरलेलं शरीरही जळून गेलं असतं. आणि ती पोर माझ्या आत होती, मित्रांनो.

शेठ आले. त्यांनी पट्टी ओढली. पट्टीच्या टोकाला जेमतेम तेल.

“तेलच नाही! तेल न बघता गाडी चालवतोस? इंजिन खाल्लंस माझं! आणि पोरीला भर रस्त्यात उतरवलं!”

“शेठ, सकाळी तुमच्यासमोर ओतलं मी. आईच्यान.”

मोहिनीताई धावत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, ते रोज बघतात. मी रोज वरून बघते त्यांना. आजही बघितलं.”

“तुला इंजिनातलं काय कळतं?”

त्यांना इंजिनातलं कळत नव्हतं, कबूल. डोळ्यांनी पाहिलेलं तर कळत होतं ना? पण पुढे त्यांना कोणी विचारलंच नाही. तेल गेलं म्हणून इंजिन मोडलं की इंजिन मोडलं म्हणून तेल गेलं, हा साधा प्रश्नही कोणाला पडला नाही. वाल्मीकला त्याच दिवशी घरी पाठवलं. सातपूरभर बोभाटा झाला, “तो? तो तेल न बघणारा ड्रायव्हर!” मग त्याच्या हाती कोण किल्ली देणार? मला मात्र वाचा नव्हती. माझा राग माझ्या आतच गार झाला.

मला भंगारात काढलं आणि तिथून इंजिन तेवढं तंत्रनिकेतनानं शिकवायला घेतलं. तिथल्या कुसुम मॅडम वर्गात म्हणाल्या, “मालक म्हणतात, ड्रायव्हरनं तेल बघितलं नाही. आपण मालकांचं ऐकायचं की इंजिनाचं?”

किती दिवसांनी कोणीतरी मला विचारत होतं!

मुलांनी माझ्या एकेका सिलिंडरला दाब मोजायचं घड्याळ लावलं. बाकीच्यांचा काटा चढला, तिसऱ्याचा अर्ध्यातच थांबला. मग त्या सिलिंडरमध्ये हवा भरली आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकू लागले. धुराच्या नळीत शांतता. पाण्यात बुडबुडे नाहीत. तेल ओतायच्या तोंडाशी कान लावताच तृप्ती नावाची मुलगी ओरडली, “मॅडम, इथून वारं येतंय!” म्हणजे पिस्टनच गळत होता. मला उघडलं. कड तुटलेली, माथा वितळलेला.

“झालं, तेलाविना जळलं,” एक मुलगा हात पुसत म्हणाला.

“थांब रे,” तृप्ती म्हणाली, “तेल संपलं असतं तर आधी बेअरिंग गेली असती. ती बघितलीस?”

बेअरिंग म्हणजे फिरणारा दांडा ज्यांच्यावर टेकतो त्या गुळगुळीत वाट्या. तेल नसेल तर सगळ्यात आधी त्या खरवडतात. मुलांनी त्या सोडवून खिडकीच्या उजेडात धरल्या. एकीवरही ओरखडा नव्हता. टर्बोचा पंखाही डगमगत नव्हता. मग कोणाचं तरी लक्ष नळीतल्या पितळी तुकड्याकडे गेलं आणि तृप्तीनं तो काढून मॅडमच्या तळहातावर ठेवला.

कुसुम मॅडमनी तिथूनच मनोजशेठना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, “अहो मॅडम, गाडी गेली, ड्रायव्हर गेला. आता कशाला उकरून काढता?”

गाडी गेली, ड्रायव्हर गेला! एका वाक्यात दोघांची विल्हेवाट!

मित्रांनो, ज्याची जेवढी ताकद घडवली आहे तेवढंच त्याच्याकडून मागा. जास्त हवं असेल तर आधी आतून मजबूत करा, मग बाहेरून दाबा. आणि काही मोडलंच, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी मोडलेली वस्तू उघडून बघा.

वर्गातला घोटीकडचा एक मुलगा म्हणाला होता की तिथल्या भाताच्या गिरणीवर वाल्मीक नावाचा एक माणूस पोती उचलतो. पूर्वी नाशकात गाडी चालवायचा म्हणे. आता कोणी टेम्पो मागे घ्यायला सांगितलं तरी नको म्हणतो. मॅडमनी त्या मुलाबरोबर त्याला खरं काय ते कळवायचा निरोप धाडला होता. पण परीक्षा आल्या, ती मुलं पास होऊन गेली, आणि निरोप पोचला की नाही ते मला कधीच कळलं नाही. मी इथं घोडीला बोल्ट मारून जखडलेली आहे.

तुम्ही घोटीला जाल तेव्हा गिरणीशी थांबा. तो कसा आहे ते बघा. त्याला सांगा, तेल तू बघितलं होतंस, इंजिनानं स्वतः सांगितलं. तो म्हणेल, “जाऊ द्या, आता काय उपयोग?” तेव्हा लगेच उठू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.